कोरडे डोळे, गुंतलेले हात

घरात मृत्यू झाला आणि जवळच्यांपैकी एखादी बाई रडलीच नाही, म्हणजे आपल्याकडच्या वडीलधाऱ्या बायकांचे लक्ष गेलेल्या माणसावरून हळूहळू निघून त्या न रडणाऱ्या बाईवर खिळते. "तिला कोणीतरी रडवा गं, आतल्या आत कोंडून घेतलंय तिनं," असे म्हणत कोणी तिला गदागदा हलवते, कोणी गेलेल्याची एखादी आठवण मुद्दाम काढते, आणि अखेर तिच्या तोंडून पहिला हंबरडा फुटला की एखाद्या अडलेल्या बाळंतिणीची सुटका व्हावी तशा सगळ्या जणी सुस्कारा टाकतात. अश्रू न येणे हे दुःख नसल्याचे लक्षण नसून दुःखाला वाट न सापडल्याचे लक्षण आहे, हे ज्ञान या बायकांना कोणत्याही ग्रंथाने दिलेले नसते. भाषेलाही ते ठाऊक आहे. 'सुन्न' हा आपला शब्द 'शून्य' या शब्दाचाच घरगुती अवतार; आणि 'बधिर' म्हणजे संस्कृतात बहिरा, पण मराठीत हा शब्द कानावरून घसरून सर्वांगावर पसरला आणि दंतवैद्याच्या इंजेक्शनापासून मनाच्या अवस्थेपर्यंत सर्वत्र रुजू झाला.

मात्र हेच शहाणपण लहान मुलाच्या बाबतीत एकाएकी रजेवर जाते. तिरडी बांधली जात असताना अंगणात गोट्या खेळत बसलेल्या पोराकडे पाहून तीच वडीलधारी बाई पदर डोळ्यांना लावून म्हणते, "लेकरू आहे, त्याला काय कळतंय!" मूल रडत नाही याचा अर्थ त्याला समजले नाही, आणि खेळते आहे याचा अर्थ ते विसरले, अशी आपण सोयीस्कर समजूत करून घेतो, आणि युद्धासारख्या प्रचंड आपत्तीत, जेथे एका मुलाकडे निरखून पाहण्याची कोणाला सवड नसते, तेथे ही समजूत जवळजवळ सरकारी धोरणच होऊन बसते. विसाव्या शतकातील काही चित्रपटकारांनी, छायाचित्रकारांनी आणि एका अकरा-बारा वर्षांच्या मुलीने आपल्या पेन्सिलीने ही समजूत खोडून काढली. त्यांच्यापुढील अडचण मोठी चमत्कारिक होती. दुःख दाखवता येते, भय दाखवता येते. परंतु भावनेचे नसणे, चेहऱ्यावर काहीच न उमटणे, हे दाखवायचे कसे? नसलेल्या वस्तूचे चित्र काढता येत नाही. मला वाटते, यातील जे खरे जाणते होते त्यांनी आपली दृष्टी मुलाच्या चेहऱ्यावरून काढून त्याच्या हातांकडे वळवली.

ही गोष्ट कलावंतांच्याही आधी दोन स्त्रियांनी टिपून ठेवली होती. लंडनवर जर्मन विमाने बाँब टाकीत असता हॅम्पस्टेड भागात ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी घरापासून तुटलेल्या मुलांसाठी शिशुगृहे चालवली आणि त्या मुलांच्या वागणुकीचे मासिक अहवाल नेमाने लिहिले. त्यांत तीन वर्षांच्या जरा पुढच्या एका मुलाची हकिकत आहे. रडला नाहीस तर भेटायला येईन, असे सांगून आई त्याला सोडून गेलेली. मूल आज्ञाधारक, ते रडले नाही. त्याऐवजी भेटेल त्याला ते ठामपणे सांगू लागले की आई येईल, मला कोट घालील आणि घरी नेईल. दिवस जात चालले तशी या वाक्याला शेपटे फुटू लागली: कोटाची चेन ओढील, टोपी घालील. या अखंड पालुपदाला कंटाळून कोणीतरी ते बंद करायला सांगितले, तेव्हा त्याने आवाज बंद केला; पण कोपऱ्यात उभे राहून हातांनी अदृश्य टोपी चढवणे आणि अदृश्य कोटाची चेन ओढणे चालूच ठेवले, आणि ओठ तेवढे हलत राहिले. त्याची आई मेली नव्हती. ती केवळ दूर होती. परंतु या एका मुलात पुढील सगळ्या कलेचे व्याकरण सापडते. वाक्यातून एकेक शब्द गळत गेला, आणि सर्व शब्द गळून गेल्यावर जो हावभाव शिल्लक राहिला, तीच प्रतिमा.

१९५२ साली रने क्लेमाँ या फ्रेंच दिग्दर्शकाने फ्राँस्वा बॉयेच्या कादंबरीवरून एक चित्रपट काढला, जो इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे 'फॉरबिडन गेम्स' म्हणजे निषिद्ध खेळ या नावाने आला. त्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सुवर्णसिंह मिळाला. काळ १९४० च्या जूनचा: जर्मन सैन्य पॅरिसवर चालून येत आहे आणि शहरातली माणसे गाड्या, सायकली, हातगाड्या, जे मिळेल त्यावर संसार लादून दक्षिणेकडे पळत आहेत. एका पुलावर विमाने घिरट्या घालतात. पाच वर्षांच्या पोलेतचे कुत्रे तिच्या हातातून निसटून धावते, त्याच्यामागे ती, तिच्यामागे आईबाप. आणि मशीनगनची एक फैर संपते तेव्हा ती दोघे रस्त्यावर निपचित पडलेली असतात व पोर त्यांच्यामध्ये जिवंत असते.

येथे एखाद्या सामान्य दिग्दर्शकाने काय केले असते हे सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्या पडद्यावर अशा प्रसंगी किती सारंग्या वाजल्या आहेत याचा हिशेब वाचकापाशी असेलच. क्लेमाँची पोलेत रडत नाही. ती हात पुढे करून आईच्या गालाला लावते, आणि मग तोच हात आपल्या स्वतःच्या गालाला लावून पाहते. एवढेच. पडद्यावर उष्णता दाखवता येत नाही, थंडपणा दाखवता येत नाही. परंतु एका गालावरून दुसऱ्या गालावर गेलेल्या त्या तळव्याने प्रेक्षकाला मृत्यूचे तापमान कळते. दुकानात दोन कापडांचा पोत ताडून पाहावा तशी ती तुलना आहे. तिला फरक कळला आहे. त्या फरकाचे नाव तिला माहीत नाही, आणि ते नाव तिला कोणी सांगू नये अशी जणू तिच्या सर्व शरीराने तजवीज केली आहे. मग ती कुत्र्याला उचलते.

चित्रपटाची खरी कल्पकता या कुत्र्यात आहे. आईबाप तिच्या मनातून इतक्या बिनतक्रार निघून जातात की पाहणाऱ्याला राग यावा. आणि त्या मेलेल्या कुत्र्याला मात्र ती सोडीत नाही. वाटेत ज्या गाडीवर तिला घेतात तिच्यावरील बाई ते कलेवर पुलावरून नदीत फेकून देते, तर ही पोर गाडीवरून उतरून प्रवाहाच्या काठाकाठाने त्याच्या मागे जाते, आणि तशीच एका शेतकऱ्याच्या दहाअकरा वर्षांच्या मुलाला, मिशेलला, जाऊन मिळते. ज्या दुःखाचे ओझे पाच वर्षांच्या जिवाला पेलण्यासारखे नव्हते, ते त्याने पेलेल एवढ्या आकाराच्या वस्तूत भरून घेतले. मानसशास्त्रज्ञ याला स्थानांतर म्हणतील. मला आपल्या शेतकऱ्याचे उदाहरण अधिक जवळचे वाटते: मोठा भारा एका खेपेत जात नसेल तर तो पेंढी पेंढी करून नेतो.

पुढे दोन्ही मुले एका पडक्या जुन्या पाणचक्कीत त्या कुत्र्याला पुरतात. तो एकटा कसा राहील? म्हणून त्याच्या सोबतीला आणखी मेलेले प्राणी येतात. एक चिचुंदरीसारखा जीव, मग कोंबडीचे पिलू, मग किडे. प्रत्येकाला क्रूस हवा, आणि क्रूस हवे म्हणून मिशेल चोऱ्या करू लागतो. घरात घोड्याच्या लाथेने त्याचा थोरला भाऊ मरतो, तर शववाहक गाडीवरचे क्रूसही त्याच्या हाताला सोडवत नाहीत. एके ठिकाणी तो टाक हातात घेऊन विमानासारखा आवाज काढीत एका झुरळाला भोसकतो. पोलेत कळवळते, तेव्हा तो सांगतो की हे मी नव्हे, बाँबने केले. ज्या पोरीने आईबापांसाठी टिपूस गाळले नाही, तिला झुरळासाठी कळवळा येतो. याला कोणी क्रूर विनोद म्हणो. मला तर बधिर झालेल्या अंगात कोठेतरी एका बोटाच्या टोकाला रक्त परत फिरू लागल्यावर ज्या मुंग्या येतात, त्या येथे दिसतात.

आणि त्याच वेळी मोठी माणसे काय करीत असतात? ती रीतीप्रमाणे शोक करीत असतात. मिशेलच्या बापाचे शेजाऱ्याशी जुने वैर. क्रूस कोणी चोरले यावरून दोघांची स्मशानात जुंपते आणि भांडता भांडता ते उघड्या थडग्यात कोसळतात. प्रौढांचा विधी आणि मुलांचा खेळ यांना क्लेमाँने असे समोरासमोर ठेवले आहे की कोणता खरा आणि कोणता नकली याविषयी काही काळ आपला गोंधळ व्हावा. त्यातला शेतकरी कुटुंबाचा विनोद कित्येकदा फारच भडक झाला आहे, हे मात्र मान्य केले पाहिजे.

चित्रपटाची अखेर मी तूर्त राखून ठेवतो, कारण मध्येच एक वही आठवली, आणि ती कल्पित नाही.

आपल्या तलाठ्याच्या दप्तरात माणूस गेल्यावर जी नोंद पडते तिला फौतीची नोंद म्हणतात: अमुक इसम अमुक तारखेस फौत झाला, वारस अमुक. त्या नोंदीत रडण्याला रकाना नसतो. १९४१ च्या सप्टेंबरात जर्मनांनी लेनिनग्राडला वेढा घातला, तो १९४४ च्या जानेवारीपर्यंत उठला नाही, आणि त्या अवधीत उपासमारीने लाखो माणसे मेली. त्या शहरात तान्या साविचेवा नावाच्या मुलीने आपल्या थोरल्या बहिणीची एक छोटी वही घेतली. वहीच्या एका भागात बहिणीचे कामाचे टिपण होते. दुसरा भाग कोरा, पण पत्ते लिहिण्यासाठी असतो तसा वर्णानुक्रमाने पाडलेला. २८ डिसेंबर १९४१ रोजी दुसरी बहीण झेन्या गेली. तान्याने ते झेन्याच्या आद्याक्षराखाली लिहिले. २५ जानेवारीला आजी गेली, ती आजीच्या अक्षराखाली. मार्चात भाऊ, एप्रिलात एक काका, मे महिन्यात दुसरा काका, आणि १३ मे १९४२ रोजी सकाळी साडेसात वाजता आई. प्रत्येकाला एक पान, प्रत्येकाची तारीख आणि घटका, मोठ्या मोठ्या अक्षरांत.

विशेषण एकही नाही. ही अलिप्तता पाहून प्रथम आपल्याला एखाद्या सराईत कारकुनाची आठवण येते. परंतु पाने जरा लक्ष देऊन पाहिली तर त्यांतच एक भेग दिसते. आरंभीच्या नोंदींत 'मेली', 'मेला' हे क्रियापद आहे. दुसऱ्या काकांच्या नोंदीत ते नाही, आणि आईच्या नोंदीतही नाही: नाव, तारीख, वेळ, आणि मध्ये जेथे ते क्रियापद यावयाचे तेथे काहीच नाही. हॅम्पस्टेडच्या त्या मुलाच्या तोंडातून जसे शब्द गळाले, तसे येथे वाक्याच्या काळजातले क्रियापदच गळून पडले. त्यानंतरची पाने, साविचेव मंडळी गेली, सर्व गेले, एकटी तान्या राहिली, ही तिने ज्या त्या अक्षराखाली विल्हेवार मांडली आहेत. फौतीच्या नोंदीखाली वारसाची नोंद असते. ती शेवटच्या पानावर आहे. घरातले सगळेच गेले नव्हते, एक बहीण व एक भाऊ शहराबाहेर जिवंत होते, पण हे तिला कळण्यास मार्ग नव्हता. १९४२ च्या उन्हाळ्यात तिला वेढ्यातून बाहेर काढून गोर्की प्रांतातील शात्की येथे नेण्यात आले आणि तेथेच १ जुलै १९४४ रोजी, चौदाव्या वर्षी, क्षयाने ती गेली. वही आज तिच्या शहराच्या इतिहास-संग्रहालयात आहे. वर्णानुक्रम हा शाळेतला पहिला धडा. अवघे जग कोसळत असताना त्या मुलीपाशी मोडला न गेलेला तेवढाच एक क्रम उरला होता, असे मला वाटते.

हीच मोजणी सोव्हिएत दिग्दर्शक तार्कोव्हस्कीच्या 'इव्हान्स चाइल्डहूड' या १९६२ च्या चित्रपटात निराळ्या वेषात येते. बारा वर्षांचा इव्हान, घरचे सारे युद्धात गमावलेला, शत्रूच्या मुलखात हेरगिरी करतो. रात्री दलदलीतून पोहून आल्यावर कुडकुडत तो खिशातून बिया, काटक्या, पाने काढून टेबलावर मांडतो आणि त्यांवरून रणगाडे-तोफांचे आकडे कागदावर उतरवतो. ज्या वयात खिशात चिंचोके असायचे त्या वयात खिशात चिंचोकेच आहेत, पण प्रत्येक चिंचोका म्हणजे शत्रूची एक तोफ. जागेपणी त्याचा आवाज अधिकाऱ्याचा, हुकूम सोडणारा. आणि स्वप्नात आई, विहीर, पावसात सफरचंदांनी भरलेली गाडी, ती सफरचंदे खाणारे घोडे. त्याचे बालपण मेलेले नसून झोपेच्या हद्दीत तडीपार झाले आहे, असा हा बंदोबस्त आहे. स्वप्ने किंचित अधिक सुंदर झाली आहेत, असा माझा जुना आक्षेप आहे. पण त्या टेबलावरच्या बियांपुढे तो मी मागे घेतो.

जपानी दिग्दर्शक इसाओ ताकाहाता लहानपणी, १९४५ च्या जूनमध्ये, ओकायामावरील बाँबवर्षावातून स्वतः वाचला होता. पुढे १९८८ मध्ये त्याने अकियुकी नोसाकाच्या कथेवरून 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' हा रेखाचित्रपट केला. त्यावर हातरुमालांचा एवढा खर्च झाला आहे की त्याविषयी फार लिहावेसे वाटत नाही. त्यातले एक दृश्य मात्र रडण्याच्या पलीकडचे आहे: आई भाजून मरणाच्या दारी आहे हे धाकट्या बहिणीला सांगता येत नाही, ती मुसमुसू लागते, आणि थोरला भाऊ काही न बोलता शाळेच्या मैदानातील लोखंडी दांडीवर जाऊन कोलांट्या मारू लागतो. गोलगोल, एकामागून एक. अंगणात गोट्या खेळणाऱ्या त्या पोराचाच हा भाऊबंद.

'बधिर' या शब्दाचा मूळ अर्थ कोणी अक्षरशः घेतला असेल तर तो सोव्हिएत दिग्दर्शक एलेम क्लिमोवने, आपल्या १९८५ च्या 'कम अँड सी' या चित्रपटात. बेलारूसमधील एका किशोराच्या शेजारी बाँब फुटतो, आणि त्यापुढे आपल्याही कानांत बराच वेळ फक्त एक चिरका नाद उरतो; माणसांचे बोलणे, पाखरे, सारे पाण्याखालून आल्यासारखे. त्या बहिरेपणातच मुलगा आपल्या घरी पोचतो. घरात कोणी नाही, पण रस्सा अजून कोमट आहे, जमिनीवर बाहुल्या पडल्या आहेत, माश्या घोंघावतात. तो बसून जेवतो. पुढे धावताना बरोबरची मुलगी एकदाच मागे वळून घराच्या पाठीमागे रचलेली प्रेते पाहते. तो पाहत नाही. क्लिमोव पुढे मुलाच्या चेहऱ्याकडेच अधिकाधिक वळतो आणि तो चेहरा दोनतीन दिवसांत म्हाताऱ्यासारखा सुरकुततो. त्याचे सामर्थ्य मोठे आहे, पण तो कोमट रस्सा मला त्या सुरकुत्यांहून जास्त काळ पुरला.

छायाचित्राला तर पुढे-मागे असा काळ नसतोच. त्याला एकाच क्षणात सर्व सांगावे लागते. १९४५ साली अमेरिकन नौदलसैनिकांचा छायाचित्रकार जो ओडोनेल याने जपानात घेतलेले, नागासाकीचे म्हणून प्रसिद्ध झालेले एक चित्र आहे. दहाएक वर्षांचा अनवाणी मुलगा, पाठीवर पट्ट्यांनी बांधलेले लहान भावंड, त्याची मान मागे कलंडलेली. पाहणाऱ्याला वाटावे, झोपले आहे. छायाचित्रकाराने पुढे सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे मुलगा त्याला दहनासाठी घेऊन आला होता आणि आपली पाळी येईपर्यंत उभा होता. कसा उभा? हात मांड्यांना चिकटवून, टाचा जुळवून, शाळेच्या कवायतीत उभे करतात तसा ताठ. तोंडाची रेषा घट्ट आवळलेली. ओडोनेल सांगत असे की त्याने खालचा ओठ इतका चावला होता की त्यावर रक्त दिसत होते. कोणा शिक्षकाने त्याला 'सावधान' शिकवले असेल. 'विश्राम' म्हणणारे त्या ठिकाणी कोणी नव्हते.

डेव्हिड सीमूर, ज्याला 'शिम' म्हणत, १९४८ साली युनिसेफसाठी युद्धोत्तर युरोपातील मुलांची छायाचित्रे घेत आपल्या जन्मभूमीत, पोलंडमध्ये, आला. त्याचे आईबाप तेथेच नाझींच्या हातून मारले गेले होते. वॉर्साच्या एका शाळेत मुलांना 'घर' काढायला सांगितले होते. तेरेस्का नावाच्या मुलीने फळ्यावर खडूच्या नुसत्या गुंतवळ्या काढल्या, एकावर एक, ओढून ओढून. आणि ती छायाचित्रकाराकडे वळून पाहते आहे. भिंत नाही, छप्पर नाही, दार नाही. मुलांना घर काढता येत नाही असे नव्हे, जगातले कोणतेही मूल चार रेघांत घर काढते. या मुलीच्या हाताला त्या चार रेघाच आठवत नव्हत्या.

त्याच १९४८ मध्ये, त्याच देशाच्या मुलांची एक छावणी आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे येथे बंद होत होती. १९४० पासून सोव्हिएत सत्तेने सैबेरिया व मध्य आशियाकडे हाकलून दिलेले आणि पुढे इराणच्या वाटेने हिंदुस्थानात पोचलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ पासून तेथे राहत होते. त्यांत बायका व मुलेच बहुसंख्य, आणि अनाथ मुलेही पुष्कळ. छावणीत शाळा होत्या, चर्च होते, बालवीरांची पथके होती. पंचगंगेच्या काठी गोऱ्या पोरांचे संचलन पाहून करवीरकरांना कौतुक वाटले असेल, आणि ते साहजिकच आहे. ताठ उभ्या राहिलेल्या, ओळीत चालणाऱ्या, हाक मारल्यावर 'हजर' म्हणणाऱ्या मुलाकडे पाहून कोणालाही बरेच वाटते. नागासाकीचे ते चित्र पाहिल्यापासून मला अशा प्रत्येक ताठ उभ्या मुलाच्या ओठांकडे पाहण्याची खोड लागली आहे.

आता पोलेतकडे परत. क्रूस कोणी चोरले हे उघडकीस येते, आणि त्याच सुमारास शिपाई तिला अनाथांच्या व्यवस्थेत दाखल करण्यासाठी येतात. क्रूसांची जागा सांगितलीस तर तिला ठेवून घेऊ, असे वचन बाप मिशेलला देतो. मुलगा सांगतो, आणि बाप कागदावर सही करून पोरीला देऊन टाकतो. मिशेल धावत जाऊन आपल्या हातांनी ते सगळे क्रूस ओढ्यात फेकतो. इकडे एका गजबजलेल्या स्थानकात, गळ्यात नावाची चिठ्ठी बांधलेली पोलेत एका जोगिणीच्या ताब्यात बाकावर बसली आहे. जोगीण तिला जागेवरच राहायला सांगून जराशी बाजूला जाते. तेवढ्यात गर्दीत कोणी एक बाई कोणा एका मिशेलला हाक मारते. पोलेतच्या चेहऱ्यावर काहीतरी हलते. ती उठते, "मिशेल, मिशेल" म्हणत त्या हाकेच्या दिशेने जाते. तो मिशेल भलताच निघतो. आणि तिच्या तोंडातले ते नाव दोनचार पावलांतच बदलून "आई" होते. ती धावत गर्दीत शिरते आणि दिसेनाशी होते.